दोन आटे गेला म्हणजे बसला नव्हे

गेले सात महिने आमच्या डिचोलीच्या घराच्या पडवीत बुलेट उभी आहे, म्हणजे उभी कसली, सुटी आहे, चेसिस दोन लाकडी स्टुलांवर आणि बाकी सगळं बिस्किटांच्या डब्यांत, आणि आई तुळशीला पाणी घालायला जाताना रोज एकदा तरी बोलतेच की चतुर्थीच्या आधी हे हललं नाही तर मी भंगारवाल्याला हाक मारणार.

गाडी मामाची. मामा म्हापशाला पायलट होता. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, पायलट म्हणजे विमानवाला नव्हे, मोटरसायकल टॅक्सीवाला, पुढचा मडगार्ड पिवळा, शुक्रवारच्या बाजाराला मागे एक बाई आणि बाईच्या मांडीवर नारळाची पिशवी. गाडी 350 सीसीची, जुन्या कास्ट आयर्न म्हणजे बिडाच्या इंजिनाची, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या, पहिला वर आणि बाकी तीन खाली. नंबर प्लेट अजून जीडीवाली, गोव्याचं जीए यायच्या आधीची. मामाने धंदा सोडल्यावर गाडी माडाखाली ताडपत्रीत पडून होती, आणि आपल्याकडे चार पावसाळे खाल्ले की लोखंडाचं काय होतं ते कोणाला सांगायला नको.

मला वाटलेलं बुलेट म्हणजे काय, सगळीकडे पार्ट मिळतात, इतकी वर्षं तीच गाडी बनवत होते ना. इथेच फसलो.

पहिला दणका एका नटाने दिला, इंजिन नाही, गिअर नाही, साधा नट. हार्डवेअरच्या दुकानात जुना स्टड, म्हणजे डोकं नसलेला बोल्ट, दाखवला, त्याने 8 एमएमचा नट दिला, म्हणाला "बसता रे, व्हर", म्हणजे बसतो, घेऊन जा. घरी येऊन लावला तर दोन आटे छान गेला आणि तिसऱ्याला अडकला. मी शहाणा, पाना लावून जोर केला, स्टडचे आटे गेले. नंतर मेस्त्रींनी थ्रेड गेज, म्हणजे आटे मोजायची पट्टी, लावून दाखवलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. स्टड 5/16 इंचाचा, म्हणजे 7.94 एमएम, 8 च्या इतका जवळ की हाताला फरक कळणारच नाही. पण त्यावर इंचात 26 आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर एक एमएमपेक्षाही जरासं कमी, आणि आपल्या बाजारातल्या साध्या 8 एमएमच्या नटात ते सव्वा एमएम. दोन आट्यांपर्यंत ढिलाईत खपून जातं, पुढे नाही. ही इंग्लंडची जुनी सायकल थ्रेड, गाडी 1955 पासून मद्रासला बनायला लागली पण आटे तिकडचेच आले.

पान्यांचं तर विचारूच नका. त्या नटाला 13 चा पाना जात नाही आणि 14 चा फिरतो, कारण नट 13.3 चा आहे. त्याला लागतो व्हिटवर्थचा 1/4 लिहिलेला पाना, आणि तो 1/4 आकडा पान्याच्या तोंडाचा नव्हेच, तो व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाच्या बोल्टच्या जाडीचा हिशोब. म्हणजे पान्यावर लिहिलंय पाव इंच आणि तोंड आहे अर्ध्या इंचापेक्षा मोठं. मामाच्या पत्र्याच्या पेटीत असे चार पाने गंजून पडलेले, मी ते आधीच टाकायला काढलेले, आईने रद्दीतून परत आणून दिले हे मान्य करतो.

मग ऑनलाइन एकाकडून "सर्व बुलेटला चालेल" असा नटबोल्टचा पूर्ण सेट मागवला. आला तो अख्खा मेट्रिक, म्हणजे एमएमच्या आट्यांचा. परत घेतला नाही. आता तो सेट पडवीत दाराला अडणी म्हणून कामाला आहे, मस्त जड आहे.

पिस्टनमध्ये मात्र नशिबाने वाचलो. मी आधी सिलेंडर बोअर करून, म्हणजे झिजलेलं भोक कापून मोठं करून, मग पिस्टन घेणार होतो. चोर्ला घाटातून सिलेंडर घेऊन बेळगावला उद्यमबागेत गेलो तर लेथवाले काका हसले, म्हणाले "आधी पिस्टन आण रे बाबा, त्याला मोजून मी कापणार, छापलेल्या आकड्याला नाही." स्टँडर्ड बोअर 70 एमएम, स्ट्रोक 90, त्यावरून 346 सीसी. ओव्हरसाइज पिस्टन पाव पाव एमएमने वाढत एक एमएमपर्यंत मिळतात. मामाच्या सिलेंडरचं अर्ध्याचं काम आधीच झालेलं, म्हणजे मला पाऊणचा लागला. अजून एक वेळ शिल्लक, मग आत नवीन नळी, म्हणजे स्लीव्ह, बसवायची.

कनेक्टिंग रॉडला परत माती खाल्ली. जुन्या बुलेटमध्ये बिग एंडला, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाला, फ्लोटिंग बुश असतो, रॉड आणि पिन यांच्यामध्ये सुटा फिरणारा, ऑइलवर जगणारा. मी तो पुण्याच्या नाना पेठेतून शोधून शोधून आणवला. क्रँक उघडला तर आत रोलर बेअरिंग! मामाने कधीतरी बदलून घेतलेलं, आणि विचारल्यावर म्हणतो कसा, "तू खंय विचारलंय?" रोलरला पिनसुद्धा वेगळी लागते, नुसता रॉड इकडचा तिकडे होत नाही, पूर्ण किटच घ्यावा लागतो आणि वर फ्लायव्हील दाबून परत ट्रू, म्हणजे सरळ रेषेत, करायचं काम. बुश डब्यात आहे. कोणाला पाहिजे असेल तर सांगा, खरंच.

कार्ब्युरेटर व्हीएम 24 एका मित्राकडे पडलेला मिळाला, बाहेरून हुबेहूब, माउंटिंग बरोबर, केबल बरोबर. पण तो दुसऱ्या गाडीवर चाललेला. बॉडी तीच असली तरी जेट आणि नीडल, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारे भाग, त्या गाडीच्या हिशोबाचे. इंजिन स्टँडवर सुरू केलं तर प्लग काजळीसारखा काळा, धूर घरभर. आमचे जेट घातले, शांत झाला. म्हणजे "बसतो" आणि "चालतो" यातसुद्धा फरक आहे, आणि दुकानदार दोन्हीला एकच शब्द वापरतो.

आता माझा एकच नियम. जुना पार्ट खिशात घेतल्याशिवाय दुकानात जायचं नाही, फोटो नको, मॉडेलचं वर्ष नको, कारण पायलटच्या गाडीला मॉडेलचं वर्ष नसतंच. ती ज्या ज्या वर्षी बंद पडली त्या त्या वर्षाचा एकेक पार्ट तिच्यात आहे. शोरूमसारखी ओरिजिनल करायची असा माझा हट्ट होता तो त्या रोलर बेअरिंगच्या दिवशीच गेला. कुठल्या वर्षाची ओरिजिनल?

राहिला पुढचा मडगार्ड. नवीन आणला, चकाचक, पण पत्रा पातळ आणि स्टेची, म्हणजे मडगार्ड धरणाऱ्या सळ्यांची, भोकं बोटभर इकडे. चार दिवस कानस मारली, मग कंटाळून मामाचा जुनाच घासायला घेतला, पोचे पडलेला. तो पहिल्या फटक्यात बसला, चारही बोल्ट हाताने गेले. वरचा काळा रंग निघाला आणि खालून तो पिवळा.

मी मामाला फोन केला, म्हटलं पिवळाच ठेवूया ना, खाली तुझाच रंग आहे. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काळाच मार. पिवळा बघून शुक्रवारी बायका हात दाखवतात आणि तू थांबणारा नव्हे, गाळ्यो माका पडतल्यो." म्हणजे शिव्या त्याला पडणार.

काळ्याचा डबा आणलाय. अजून उघडला नाही.