येळवशीला औसा: ए-टी टायर, काळं रान आन् बैलजोडी

टायर बदलल्यापासून मला तीनचार जणांनी एकच विचारलंय, की बाबा पिकअपला ए-टी (ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीसाठीचे टायर) टाकू का, हिवाळ्यात फिरायचंय, शेतात पण जायचंय, मनालीला पण जायचंय. एका वाक्यात उत्तर देता येईना म्हणून येळवशीची पूर्ण ट्रिपच लिहून टाकतो, त्यात सगळं येतंय. ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी, वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली, लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी अख्खं गाव रानात असतं, गावात कुत्रं सुद्धा सापडत नाही. माझी सासुरवाडी औशाच्या पुढं, त्यामुळं संभाजीनगरहून दरवर्षी जाणं ठरलेलं.

गाडी इसुझू व्ही-क्रॉस पिकअप, जुनी, टायरची साईज 245/70 आर 16. कंपनीचे हायवे टायर घासून टीडब्ल्यूआयच्या खुणेला टेकले होते. टीडब्ल्यूआय म्हणजे खाचेत आडवी छोटी पट्टी असते ती, तिथं 1.6 मिलिमीटर उरतं आणि कायद्यानं पण तिथंच टायर संपतो, पण ओल्या रस्त्यावर त्याच्या लई आधीच पकड जाते, मी तर 3 च्या खाली वापरतच नाही.

दुकानदार 265/70 च्या मागं लागला होता. "साहेब, गाडी काय दिसंल!" दिसंल खरं, पण हिशोब करा. 245/70 चा व्यास साधारण 749 मिलिमीटर येतो, 265/70 चा 777. म्हणजे पावणेचार टक्क्यानं चाक मोठं, मीटरवर 100 दिसताना गाडी 103 च्या पुढं, गाडी उचलायला जड, ॲव्हरेज कमी, आणि पूर्ण स्टिअरिंग कापलं की कुठंतरी घासायची भीती. मी साईज तीच ठेवली. कुणीही विचारलं तरी हेच सांगीन, साईज बदलून पैसे वाया घालवण्यापेक्षा साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत बघा.

साईडवॉल का, तर आमच्याकडचा खरा शत्रू दगड नाही, तुरीचं धसकट आहे. तूर कापल्यावर बुडखा तिरका राहतो, वाळला की सुळीच होते त्याची. पऱ्हाटीचे खुंट तसेच. खाली ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, बाभळीचा काटा घुसला तर ट्यूबलेसला दोरी मारून दहा मिनिटात काम होतं, पण धसकट बाजूनं घुसलं की पंक्चरवाला हात जोडतो, बाजूला पंक्चर निघत नाही, टायरच टाकायचा. म्हणून तीन प्लायची (तीन थरांची) साईडवॉल असलेला किंवा एलटी (लाईट ट्रक) लिहिलेला टायर मिळाला तर घ्या, थोडा कडक चालतो, रिकाम्या पिकअपला मागून आदळतो, बायको बोलते, पण रानात निवांत राहता येतं.

लोड नंबर पण वाचा. साईजच्या पुढं 107 असंल तर एका टायरला 975 किलो, 111 असंल तर 1090. मागं खताची पोती टाकणाऱ्यानं हा आकडा बघावा, टायरवरची दिखाऊ पांढरी अक्षरं नंतर. आणि बाजूला चार आकडे असतात, 3524 असं असंल तर 2024 सालातला 35 वा आठवडा. मला आधी काढून दाखवलेल्या चारपैकी दोन टायर तीन वर्ष जुने होते, बदलून घेतले. फोर व्हील ड्राइव्हवाल्यांनी तर चारी टायर एकाच मॉडेलचे, एकाच घासणीचे ठेवायचे, दोन नवे दोन जुने असं केलं की त्याचा ताण गिअरबॉक्सकडं जातो.

तर निघालो पहाटे साडेतीनला, मी, बायको, पोरगा. आदल्या दुपारी उन्हात 35 हवा भरलेली. बीडच्या पुढं चहाला थांबलो तिथं गार वारा असा की हात खिशाबाहेर निघंना, इन्फ्लेटर लावून बघितलं तर 31. टायर काही लीक नव्हते. दर पाचसहा अंशाला साधारण 1 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) उतरतो, दुपारचे 32 अंश आणि पहाटेचे 10, बरोबर चार गेले. (थांबून जरा टायर थंड होऊ द्या मग मोजा, नाहीतर चालून गरम झालेल्या टायरचा आकडा फसवतो.) परभणीकडं तर पारा कधीकधी पाचच्या पण खाली जातो, त्यामुळं हिवाळ्यात हवा सकाळीच बघायची, गाडी हलवायच्या आधी.

मांजरसुंब्यापर्यंत रस्ता झकास, 52 नंबरचा हायवे, तिथं ए-टीचा फक्त आवाज. 80 च्या पुढं घूं घूं चालू होतं, गाणी मोठी लावावी लागतात. खरी मजा केज सोडल्यावर. मांजरा धरणाचा पट्टा, ऊसच ऊस, आणि गळीत हंगाम भरात. धुकं एवढं की बोनेटच्या पुढं दोन पांढऱ्या पट्ट्या दिसत होत्या तेवढंच. ट्रॅक्टरला डबल ट्रॉली, मागं ना लाईट ना रेडियम, पुढं मात्र डेक फुल आवाजात, आधी गाणं ऐकू येतं मग ट्रॉली दिसते, ते पण दिसली तर.

तिथंच एक गोष्ट कळली. दोन दिवस आधी अवकाळी झालेला, रानातून निघणारे ट्रॅक्टर चाकाला गाळ घेऊन डांबरावर येतात, तो गाळ वाळतो, पहाटे वरून दहिवर पडतं, की झालं साबण. मी 50 वर होतो, पुढं ट्रॉली दिसली, ब्रेक दाबला, एबीएस कडकड करायला लागलं आणि गाडी आपली चाललीच आहे. थांबली, पण हातभर अंतरावर. बायकोनं एक शब्द काढला नाही, ते जास्त वाईट. ए-टीचे ठोकळे मोठे असतात, मध्ये मोकळी जागा जास्त, त्यामुळं ओल्या डांबरावर रबर कमी टेकतं आणि त्याच गाडीला चांगल्या हायवे टायरपेक्षा ब्रेकला जागा जास्त लागू शकते. नवीन ए-टी टाकून आता काय कुठंही घाला असं वाटत असतं ना, ते इथं उतरवून ठेवा. घाई नसंल तर पहाटे निघूच नका, आठसाडेआठला धुकं वर जातं, बीडमध्येच नाष्टा करा. आणि पिकअप रिकामी असंल तर मागचं टोक हलकं, तेच आधी सरकतं. माझ्या हौद्यात सासऱ्यासाठी घेतलेली चार सिमेंटची पोती होती, मागच्या ॲक्सलच्या वर बरोबर, त्यानं नक्की फायदा झाला. सिमेंट नसंल तर वाळूची दोन पोती टाका, फक्त बांधून.

अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शन बाहेरूनच घेतलं, बर्दापूर, रेणापूर, लातूर पटापट, औशाला साडेनऊ.

आता मेन भाग. सासऱ्याचं रान गावापासून दीड किलोमीटर, पाणंद रस्त्यानं. सगळे चालत किंवा बैलगाडीनं निघालेले, डोक्यावर आंबिलीची मडकी. मेव्हणा म्हणला, "दाजी, गाडी हितंच लावा, कशाला आत घालूलालाव, पानंद लई वली हाय." मी म्हणलं अरे ए-टी आहेत, फोर बाय फोर आहे. सासरे नुसते माझ्याकडं बघून हसले. ते हसणं मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

पहिले दोनशे मीटर मस्त गेली गाडी. फोर हाय (चारी चाकांना ताकद) टाकला, दुसऱ्या गिअरला, पोरगा मागं आरडतोय. मग जिथं कॅनॉलचं पाणी पाझरतं तिथं गाडी जरा आडवी झाली, मी ॲक्सिलरेटर वाढवला, संपलं. उतरून बघतो तर टायरवर खाचच दिसंना! काळी माती ही नुसती चिखल नसते, चिकट असते, खाचेत भरते आणि निघत नाही, एका फेऱ्यात साठ हजाराचे टायर चार गुळगुळीत मडकी झाले होते. ए-टीच्या खाचा मुरूम, खडी, वाळू यासाठी चांगल्या. मड टायरच्या खाचा लई रुंद असतात, चाक जोरात फिरलं की त्यातनं गाळ फेकला जातो, ए-टीतनं तेवढा जात नाही. पण खरं सांगू का, ओल्या काळ्या रानात मड टायरवाले पण रुतलेले मी बघितलेत.

हवा 22 पर्यंत उतरवली, टायर पसरतो, जास्त जागा टेकते. फोर लो (चारी चाकांना ताकद, पण हळू आणि जास्त जोर) टाकून आलो तसाच मागं जायचा प्रयत्न केला, हातभर हलली आणि परत बसली. तुराट्या आणि कडब्याच्या पेंढ्या चाकाखाली घातल्या (तुराट्या आडव्या घाला, टोक टायरकडं नको, का ते वर धसकटाचं सांगितलंय). थोडी वर आली, पण मागचा ॲक्सल मातीला टेकलेला, आणि मी आधी जे चाक फिरवत बसलो त्यानंच खड्डा केला होता. रुतल्याबरोबर थांबला असता तर निघाली असती, हे मेव्हण्याचं म्हणणं, आणि ते खरंय.

शेवटी सासऱ्यांनी बैलजोडी आणली. येळवशीला बैलांना काम नसतं खरं तर, त्यांचीच सुट्टी मोडली माझ्यामुळं. पुढच्या टो हुकला दोर, मी फोर लोमध्ये पहिला गिअर, ॲक्सिलरेटरला हात नाही म्हणजे पाय नाही, नुसता क्लच सोडलेला, आणि बैलांनी अशी सहज काढली की जमलेली पोरं "हर हर महादेव" ओरडली. त्या दिवशी कोपीत (रानातल्या कडब्याच्या खोपीत) बसून भज्जी, उंडे, आंबील खाताना जो येईल तो विचारायचा, "जावईबापूचे टायर केवढ्याचे म्हणलाव?" साठ हजार सांगितले की परत हशा. अजून फोनवर पण चालूय.

मनालीवाल्यांसाठी इथंच सांगून टाकतो. गेल्या जानेवारीत मी दुसऱ्या ए-टीवर सिस्सूला गेलो होतो. अटल बोगदा 9 किलोमीटरचा, आत सगळं कोरडं, आणि पलीकडं लाहौलच्या बाजूला निघालो की बर्फ. ताज्या भुसभुशीत बर्फात ए-टी बऱ्यापैकी चालले, पण सावलीच्या वळणावर पाणी गोठून काचेसारखं झालेलं, तिथं गाडी ब्रेक न लावता पण खाली सरकत होती. तिथला ड्रायव्हर थांबला, मागच्या चाकाला चेन बांधून दिली, पाचशे घेतले, हजार पण दिले असते. टायरवर एम प्लस एस लिहिलेलं असलं म्हणून भुलू नका, ते खाचांची रचना बघून कंपनी स्वतःच लिहिते. बर्फावर प्रत्यक्ष टेस्ट झालेल्या टायरला तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाची चांदणी अशी खूण असते, बीएफ गुडरिचच्या केओ-टूवर आहे, योकोहामाच्या जिओलँडर ए-टीच्या बऱ्याच साईजमध्ये आहे, घेताना बाजूला शोधा. साधं रबर साधारण 7 अंशाच्या खाली कडक व्हायला लागतं म्हणून ही भानगड. पण कडक बर्फावर, म्हणजे काचेवर, चांदणीवाला पण चेनशिवाय भरवशाचा नाही. चेन इथूनच आपल्या साईजची घ्या आणि घरासमोर कोरड्यात दोनदा बांधून बघा, तिथं गारठलेल्या बोटांनी शिकायला जमत नाही. आणि चार दिवस मनालीसाठी वर्षभर इथं बर्फाचा टायर घासण्यात अर्थ नाही, मऊ रबर आपल्या एप्रिल-मेच्या डांबरावर लवकर संपंल.

परतीला दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो, हवा परत 35 करून, 22 वर डांबरी रस्त्यानं पळवायचं नाही, टायर तापून फाटतो. येताना मुद्दाम धारूर-माजलगावकडून, घाट दिवसा बघायचा होता. धारूरचा घाट अरुंद, वळणं आवळलेली, उसाच्या गाड्या चढताना रांगत असतात, मागं अंतर ठेवा, चढावर ट्रॉली मागं यायची शक्यता धरूनच चाला. कोरड्या रस्त्यावर टू व्हीलमध्येच राहा, बऱ्याच जणांना वाटतं घाटात फोर हाय टाकलं की पकड वाढते, पार्ट टाईम फोर बाय फोरला (एरवी दोन चाकांवर चालणाऱ्या, लागेल तेव्हाच चारी जोडणाऱ्या गाडीला) कोरड्या डांबरावर वळणात ते चालत नाही, सगळं आवळून येतं.

मधेच एक लफडं झालं ते राहिलंच. लातूर सोडलं आणि 70 च्या पुढं स्टिअरिंग थरथरायला लागलं. माझ्या डोक्यात लगेच, बैलांनी ओढताना काहीतरी वाकलं. रेणापूरला एका टायरवाल्याकडं घेतली, म्हणलं बॅलन्सिंग करा, अलाईनमेंट पण बघा. त्यानं चाकाच्या आतून हात फिरवला आणि म्हणला, आधी धुवून या. रिमच्या आतल्या बाजूला काळी माती वाळून विटेसारखी बसली होती, एका चाकात तर किलोभर निघाली असंल. समोरच्या वॉशिंगला शंभर रुपये दिले, प्रेशरनं आतून मारायला लावलं, थरथर गायब. टायरवाल्यानं पैसे घेतले नाहीत, पण जाता जाता डाव्या मागच्या टायरमधून बोटाएवढा बाभळीचा काटा पकडीनं उपटून हातात दिला. हवा काही गेली नव्हती, काटा ठोकळ्यातच अडकलेला. तो काटा पोरानं डॅशबोर्डवर ठेवलाय.