चार बाजू, सत्त्याऐंशी मिनिटे: ऐकण्याची नोंद

गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर या मॉन्ट्रियलच्या नऊ जणांच्या रॉक वादकसंचाचा २००० सालचा ‘लिफ्ट युअर स्किनी फिस्ट्स लाइक अँटेनाज टू हेवन’ हा अल्बम आता मी सलग ऐकू लागलो आहे. त्याची लांबी सुमारे ८७ मिनिटे असली तरी रचना चारच आहेत आणि प्रत्येक साधारण १९ ते २३ मिनिटांची, म्हणजे एलपी तबकडीच्या एका बाजूवर मावणारी आहे. हे ध्यानात आल्यावर लांबीची धास्ती उरली नाही.

सर्वाधिक वेळ मी ‘स्टॉर्म’ या पहिल्या रचनेला दिला. आरंभी गिटारचे मोजके स्वर येतात, त्यांवर व्हायोलिन आणि चेलो (व्हायोलिनच्याच जातीचे, खालच्या स्वरांचे मोठे वाद्य) चढतात, मग ड्रम्स. जोर येतो तो मुख्यतः त्याच स्वरावलीवर एकेक थर रचला गेल्यामुळे. कुमार गंधर्वांचे जन्मगाव सुळेभावी ज्या बेळगाव जिल्ह्यात आहे, तेथे विलंबित ख्यालाची बढत ऐकत तयार झालेल्या कानाला ही सावकाश उलगड परकी वाटत नाही. मात्र ख्यालात एक कंठ सर्वांपुढे असतो. येथे तसा कोणीच नाही. म्हणून एका बैठकीत एकाच वाद्याचा माग धरायचा, अशी पद्धत मी ठेवली आहे. चेलोचा माग धरल्यावर वरच्या कल्लोळाला खालून कोणी तोलून धरले आहे ते स्पष्ट झाले. तरीही माझ्या मते या रचनेचा कस उत्कर्षानंतर लागतो: अमेरिकेतील पेट्रोल पंपावरची ध्वनिमुद्रित सूचना येते, मग खिन्न पियानो, आणि आधीचा सारा विजयोत्साह संशयास्पद ठरतो.

तिसरी रचना ‘स्लीप’ एका वृद्धाच्या बोलण्याने सुरू होते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर पूर्वी लोक झोपत, आता झोपत नाहीत, असे तो सांगतो. त्यामागून येणारी गिटारची आर्त ओढ मला अल्बममधील सर्वांत सुंदर जागा वाटते.

खानापूरकडच्या पावसात पत्र्यावरचा आवाज मंद भाग गिळून टाकतो, त्यामुळे कान पूर्ण झाकणारे हेडफोन आवश्यक आहेत. आवाजाची पातळी सर्वांत जोरकस जागेवर ठरवून घ्यावी आणि नंतर बदलू नये. मंद भागासाठी ती वाढवली की पुढचा चढ कानांवर आदळतो.

दुसरी रचना ‘स्टॅटिक’ अजून पुरती उलगडलेली नाही. तिच्यातील प्रवचनासारख्या बोलण्यानंतर ताण कोठून वाढू लागतो, हे पाहण्यासाठी पुढच्या बैठकीत केवळ ड्रम्सकडे लक्ष देणार आहे.