छत्र्यांमागून कुंकळ्ळीला

आमची कुलदेवता कवळ्याची शांतादुर्गा. दोन-तीन वर्षांतून एकदा फोंड्याला जायचं, देवीची ओटी भरायची, मंगेशी-म्हाळसा करायचं आणि दादरला परतायचं, हे लहानपणापासून ठरलेलं. देवी कवळ्याचीच, असंच मी धरून चालले होते. मग एकदा नारळ सोलता सोलता आई म्हणाली, "अगं, ती मूळची केळशीची. फिरंगी देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी तिला नदीपलीकडे आणलं." मंगेश कुशस्थळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, रामनाथ लोटलीचा. सगळे गोव्यातल्या साष्टी भागातले, जुवारी नदी ओलांडून आलेले. फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता, म्हणून तिथे आसरा मिळाला. ज्या देवळांत मी निवांत बसत आले, ती सगळी देशोधडीला लागलेल्या देवांची घरं होती. हे माहीत नसल्याची मला खरोखर लाज वाटली.

यंदा रंगपंचमीला म्हणूनच फातर्प्याला गेले. तिथली शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण. नावातच तिचं गाव आहे. ती वर्षातून एकदा कुंकळ्ळीला, आपल्या मूळ जागी जाते. बारा वांगडांच्या बारा छत्र्या तिच्यासोबत निघतात. वांगड म्हणजे गावकारांचं, गावच्या मूळ घराण्यांचं, एकेक कूळ. या उत्सवाला सांत्रयो म्हणतात. सकाळीच ऊन रणरणत होतं, गुलालाने रस्ता लाल झालेला, आणि उंच दांड्यांच्या छत्र्या गर्दीच्या डोक्यावरून डुलत चाललेल्या. छत्री धरणारा घामाने निथळत होता, पण दांडा दुसऱ्याच्या हाती द्यायला तयार नव्हता. मी मागून चालत राहिले.

हे गाव साधं नाही. साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं, ते मधली काही वर्षं वगळता १८१२ पर्यंत टिकलं. १५६७ मध्ये साष्टीतली देवळं एकामागून एक पाडली गेली. कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी, आंबेली या गावांनी मान तुकवली नाही. कर द्यायचे नाकारले, पाडलेली देवळं पुन्हा उभी केली. जुलै १५८३ मध्ये जेझुइट या ख्रिस्ती संघाचे पाच जण कुंकळ्ळीत चर्चसाठी जागा बघायला आले. त्यांतला रोदोल्फो आक्वाविवा नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. गावकऱ्यांनी त्या पाचांना आणि त्यांच्या सोबतच्या काही माणसांना ठार केलं. ती माणसं लढायला आली नव्हती. त्यांचं मरण मला साजरं करता येत नाही.

पण पुढे जे झालं, ते वाचताना हात थरथरतो. बोलणी करू, असं सांगून पोर्तुगिजांनी गावांच्या सोळा नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे त्यांची कत्तल केली. एकानेच नदीत उडी टाकली आणि पोहत निसटून कारवार गाठलं, असं सांगतात. मग जमीन गेली. गावकरी ही इथली शतकांची रीत, शेत गावाचं आणि उत्पन्नात प्रत्येक गावकाराचा वाटा. या गावांची ती जमीन जप्त होऊन पुढे पोर्तुगालमधल्या एका उमरावाच्या घराण्याकडे गेली. देऊळ पाडलं तर देव उचलून नेता येतो, शेत कसं उचलणार?

कुंकळ्ळीत त्या पाद्र्यांच्या आठवणीचं चॅपेल आहे. १८९३ मध्ये रोमने त्यांना धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी दिली. नायकांचं स्मारक जवळच आहे, पण ते उभं राहायला चारशेहून अधिक वर्षं जावी लागली. मी दोन्हीकडे थांबले. सावली चॅपेलपाशी जास्त होती.

त्या पाद्र्यांचे देह शोधून आणणाऱ्यांत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट होता. त्यानेच पुढे मराठीत, आपल्याच ओवीत, ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. भाषेवर त्याचं खरं प्रेम होतं, हे कबूल करावंच लागेल. पण त्याच सत्तेने १६८४ मध्ये तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोला, असा हुकूम काढला. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने बाटलेल्या माणसांच्या घरांत शिरून यादीच केली: लग्नात ओव्या गायच्या नाहीत, हळद लावायची नाही, अंगणात तुळस लावायची नाही, भात बिनमिठाचा शिजवायचा नाही. धर्म शिकवायचा होता तोवर ओवी चालली. लग्नघरातल्या बायकांच्या तोंडी आली तेव्हा ती गुन्हा ठरली. माझी आजी दळताना जी ओवी गुणगुणायची, ती लग्नात गायली म्हणून कुणाला शिक्षा होऊ शकत होती, हे मला अजून पचत नाही.

कुंकळ्ळीच्या वाटेवर एका जुन्या घराच्या बल्कांवावर, दारापुढच्या बैठकीच्या ओसरीवर, एक वयस्क बाप्पा बसले होते. गळ्यात क्रूस, पायाशी पाण्याची कळशी. येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देत होते. मी पेला घेतला आणि विचारलं, दरवर्षी बसता का? छत्र्यांकडे हात करून म्हणाले, "आमचोय वांगड आसा." आमचाही वांगड आहे. त्यांच्या पूर्वजांचं नाव बदललं, देव बदलला, बहुधा भीतीनेच बदलला असेल. वांगड मात्र त्यांच्या घरात राहिला. पालखी समोरून गेली तेव्हा ते उठून उभे राहिले, गर्दी पांगेपर्यंत बसले नाहीत.

मूळ जागी देवी पोचली तेव्हा बायकांनी ओट्या काढल्या. माझ्याकडे काहीच नव्हतं. शेजारच्या बाईने न विचारता तिच्या परातीतला नारळ माझ्या हातात दिला.

संध्याकाळी मडगावहून आईला फोन केला. पुढच्या खेपेला कवळ्याआधी केळशीला जाऊ, म्हटलं.

"तिथेही ओटी न्यायची ना?" तिने विचारलं.

न्यायची, म्हटलं.