फुकटचं चित्र घेणार कोण?

बडोद्यात रस्त्याकडेला वही उघडून बसलं तर कुणी ढुंकूनही बघत नाही. विद्यापीठाची ललितकला शाखा १९५० ची. स्टेशनवर, कमाटी बागेत स्केचिंग करणारी पोरं गावाच्या अंगवळणी पडली आहेत. त्यामुळे माणसांची चित्रं काढायला मला कुणी अडवलं नाही. घोडं अडलं ते चित्र देताना.

बँकेतून निवृत्त झाल्यावर अनोळखी माणसांची चित्रं काढून त्यांनाच फुकट द्यायची, हे खूळ डोक्यात शिरलं. सुरुवात खंडेराव मार्केटच्या फुलवाल्यांपासून केली, कारण हार ओवणारा माणूस एका जागी बसतो आणि मान फारशी हलवत नाही. झेंडूच्या ढिगामागे बसणाऱ्या एका मासींना चित्र दिलं, तर पहिला प्रश्न, "केटला आपवाना?" काही नको म्हटल्यावर चेहराच बदलला. फुकट म्हणजे नक्की काहीतरी विकायला आलेली असणार! शेजारच्या दुकानदाराने हमी दिली, तेव्हा कुठे कागद हातात घेतला आणि वर माझ्या पिशवीत शेवंती कोंबली. ती मी मुकाट्याने घेतली. तेव्हापासून कुणी चहा पाजला तर नाही म्हणत नाही. हिशोब मिटला की माणूस निवांत होतो.

आमच्या दांडिया बाजारात उलटा प्रकार. एक काका म्हणाले, "फुकट आहे? मग दोन काढ. एक पुण्याला लेकीकडे पाठवतो."

काढण्याचं म्हणाल, तर डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात, एवढं जरी पाळलं तरी निम्मं काम होतं. आपण ते उगाच वर काढतो आणि समोरच्याचं कपाळ गायब होतं. छायाप्रकाश बघायचा तर डोळे किलकिले करायचे. बारकावे पुसले जातात, गडद तेवढं उरतं. हसणाऱ्या माणसाचे दात एकेक करून आखू नयेत. दोन दातांमधल्या रेघा काळ्या केल्या की चांगली तरणी बाई म्हातारी दिसते. कोळशाने काढलेलं हाताला लागून पुसतं, म्हणून फिक्सेटिव्ह (कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा) मारते, तेही उघड्यावर, कारण वास उग्र असतो. वर बटर पेपर आणि मागे पुठ्ठा. गुंडाळी करून दिलेलं चित्र घरी जाऊन कपाटावर पडतं, पुठ्ठ्यावरचं निदान भिंतीला टेकवून ठेवतात.

तक्रारी फुकटच्या चित्रालाही असतातच. नाक मोठं झालं, रंग सावळा आला (पेन्सिलीत!). पण मला आवडली ती राजमहाल रोडवरच्या एका वहिनींची. चेहरा न्याहाळून झाल्यावर म्हणाल्या, "बाकी छान आहे, पण मंगळसूत्राची एकच वाटी दिसतेय हो." मान कलल्यामुळे दुसरी पदराआड गेली होती, हे मी सांगून पाहिलं. पटलं नाही. शेवटी पदर खोडरबराने मागे सारला आणि वाटी काढली. फतेसिंगराव संग्रहालयात रविवर्म्याने रंगवलेले राजघराण्यातले दागिने मोती न मोती दिसतात. त्याच गावच्या बाईने दोन वाट्या मागितल्या तर तिचं काय चुकलं?

देण्याआधी फोटो काढून ठेव, असं मुलगा सांगतो. मी ठेवत नाही. चित्र आपल्याकडे राहणार नाही हे एकदा ठरलं की रेघ बिनधास्त येते, हा माझा अनुभव. पुढे दाखवायचंय म्हटलं की मी खोडतच बसते.

पावसाळ्यात मात्र पंचाईत होते. कागद दमट झाला की कोळसा नीट धरत नाही आणि खोडायला जावं तर लव निघते. म्हणून सध्या माझं मार्केटला जाणं बंद आणि रावपुऱ्यातल्या एका शिंप्याच्या दुकानात बसते. गिऱ्हाईक मापासाठी स्थिर उभं राहतं, पण मला जेमतेम पाच मिनिटं मिळतात.