व्हिएतनामची देवळं आणि पॅगोडा: तिथी बघून जा

व्हिएतनामचं तिकीट काढायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये अमावस्या-पौर्णिमा कधी आहेत ते एकदा बघून घ्या, हे मी अगदी मनापासून सांगतेय. तिथे चांद्र महिन्याचा पहिला आणि पंधरावा दिवस हे देवदर्शनाचे दिवस, आणि ते आपल्या अमावस्या-पौर्णिमेला एखाद्या दिवसाच्या फरकाने जुळतात. एरवी टूरच्या बसमधून उतरलात तर जुनी सुंदर इमारत दिसते, बाग दिसते, फोटो काढून वीस मिनिटांत पुन्हा बसमध्ये. पण पौर्णिमेच्या सकाळी तिथेच ऑफिसला जायच्या आधी स्कूटर लावून, हेल्मेट काढून, एका हातात फुलं आणि दुसऱ्या हातात फळांची पिशवी घेऊन माणसं येत असतात, आज्या पोथी पुढ्यात धरून एका सुरात म्हणत असतात, आणि मग कळतं की हे देऊळ आहे, म्युझियम नाही. त्यामुळे दहा ठिकाणं उरकण्यापेक्षा चारच करा पण योग्य दिवशी आणि सकाळी लवकर करा.

सुरुवात हनोईच्या चान क्वोक पॅगोडापासून करा. वेस्ट लेकच्या काठाला एका छोट्या बेटावर आहे, चालत जाता येतं, तिकीट नाही. मूळ स्थापना सहाव्या शतकातली, आत्ताच्या जागी १६१५ मध्ये आला. फोटोत दिसतो तो अकरा मजली लाल मनोरा मात्र १९९८ चा आहे, प्रत्येक मजल्यावर कोनाड्यांत पांढऱ्या बुद्धमूर्ती, आणि त्याच्या आजूबाजूला जुन्या भिक्षूंच्या समाध्या. आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते अंगणातल्या बोधिवृक्षाखाली. १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद हनोईला आले तेव्हा त्यांनी बोधगयेच्या वृक्षाचं रोप इथे दिलं होतं, त्याचं आता एवढं मोठं झाड झालंय. माझ्या आईने बाहेरूनच झाडाला हात जोडले तर शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी तिच्या हातात दोन केळी ठेवली! देवापुढे ठेवलेलं थोड्या वेळाने परत घेऊन वाटायची पद्धत तिथेही आहे, त्यामुळे कोणी बिस्किट किंवा फळ दिलं तर दोन्ही हातांनी घ्या, नको म्हणू नका.

तिथून थोड्याच अंतरावर, त्याच तलावाच्या काठाला, फू ताय हो आहे आणि ते बहुतेक भारतीय ग्रुप सोडून देतात, तुम्ही सोडू नका. हे पॅगोडा नाही, मातृदेवतेचं ठाणं आहे, लिएउ हान्ह नावाच्या देवीचं. उत्तर व्हिएतनाममध्ये बुद्धाच्या बरोबरीने या मातांची भक्ती चालते, बऱ्याच पॅगोडांत मुख्य बुद्धमंदिराच्या मागे किंवा बाजूला मातांचं वेगळं दालन असतं आणि गर्दी कधीकधी तिथेच जास्त असते. २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत या उपासनेचा समावेश झाला. यातला एक विधी आहे ज्यात अंगात येतं, समोर वाद्यं आणि गायक बसलेले असतात, एकेक देवता आली की वेश बदलतो आणि जमलेल्यांना नोटा, फळं वाटली जातात. ज्यांनी गावच्या जत्रेत देवीचं वारं पाहिलंय त्यांना ते परकं वाटणार नाही. कधी होईल ते ठरलेलं नसतं, कुठे दिसलं तर मागे शांत बसून बघा, फोटो विचारूनच.

आता रीतभात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हाफ पँटवाल्यांना काही ठिकाणी वरून गुंडाळायला कापड देतात पण भरवसा नको, एक ओढणी किंवा लुंगी बॅगेत ठेवा. मोठ्या पॅगोडाला तीन दरवाज्यांचं प्रवेशद्वार असतं, मधल्यातून जायचं नाही, उजव्या बाजूने आत आणि डाव्या बाजूने बाहेर. उंबरठे चांगले उंच असतात, त्यावर पाय न देता ओलांडायचं, वयस्कर माणसांचा हात धरा. चपला सरसकट बाहेर काढायच्या नसतात, चटई किंवा लाकडी फरशी सुरू होते तिथे काढतात, म्हणून पुढचा माणूस काय करतोय ते बघा. उदबत्ती बाहेरच्या मोठ्या पात्रात लावायची, एक किंवा तीन, अख्खा पुडा पेटवू नका, धुराने आत बसलेल्यांचे डोळे चुरचुरतात आणि हल्ली तशा पाट्याही असतात. नोटा मूर्तीच्या हातात कोंबू नका, दानपेटी असते. फळं, फुलं, गोड चालतं. मातेच्या किंवा वीरपुरुषांच्या देवळात ताटात अख्खी कोंबडी दिसेल, दारूची बाटलीही दिसेल, त्यांची तशी पद्धत आहे, त्यावर मोठमोठ्याने मराठीत चर्चा करू नका, सूर सगळ्यांना कळतो.

शाकाहारी लोकांसाठी तर तिथीचा मुद्दा सोन्यासारखा आहे. एरवी व्हिएतनाममध्ये शाकाहारी जेवण मिळवणं थोडं कटकटीचं, कारण भाजीतसुद्धा माशाचा सॉस पडतो. पण पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले खूप लोक स्वतःच मांसाहार सोडतात आणि रोजच्या खानावळीतही शाकाहारी पदार्थ दिसायला लागतात. पाटीवर सी-एच-ए-वाय अशी अक्षरं शोधा, उच्चार साधारण 'चाय', आणि हॉटेलात 'आन चाय' म्हटलं की कळतं. पॅगोडांच्या आसपास अशा खानावळी वर्षभर असतात, भात आणि वर चार-पाच भाज्या, टोफू, सूप, आणि पैसे अगदी कमी. सोयाबीनचे पदार्थ हुबेहूब चिकन-माशासारखे दिसतात, घरच्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा. पॅगोडाच्या जेवणात कांदा-लसूणही बहुधा नसतो, जैन मंडळींना कंदमुळांचं मात्र विचारावं लागेल.

हनोईहून एक दिवस काढून परफ्यूम पॅगोडा, म्हणजे चुआ हुओंग करा. साधारण ६० किलोमीटर. आधी गाडी, मग चुनखडीच्या डोंगरांमधून वल्ह्याच्या होडीने तासभर, मग चढण. वरती हुओंग तिच नावाची गुहा, तिच्या तोंडाशी १७७० मध्ये कोरलेली अक्षरं आहेत, त्यात दक्षिणेच्या आकाशाखालची पहिली गुहा असं तिचं वर्णन आहे, आणि आत ठिबकणाऱ्या पाण्याखाली भाविक ओंजळ धरून उभे असतात. गुडघे दुखत असतील तर केबल कार घ्या, आम्ही आईसाठी घेतली आणि उतरताना पायऱ्या घेतल्या. व्हिएतनामी नववर्षाच्या सहाव्या दिवसापासून साधारण तीन महिने इथे यात्रा असते, गर्दी प्रचंड. गर्दी नको असेल तर हिवाळ्याची सुरुवात उत्तम. होडी वल्हवणाऱ्या बायका शेवटी टीप मागतात, द्या की, येऊन-जाऊन दोन तास वल्हवतात त्या.

ह्वे शहरात थिएन मु पॅगोडाला सायकलने जा, नदीकाठचा रस्ता आहे, राजवाड्यापासून तीन-चार किलोमीटर. १६०१ ची स्थापना, पुढे सात मजली अष्टकोनी मनोरा १८४४ चा, शेजारी १७१० ची दोन टनांची घंटा. पण बहुतेक लोक मनोऱ्यापाशी फोटो काढून परत फिरतात आणि मागे जातच नाहीत. मागे एका साध्या शेडमध्ये फिकट निळी ऑस्टिन गाडी ठेवलेली आहे. ११ जून १९६३ ला थिच क्वांग डुक हे भिक्षू याच गाडीतून सायगॉनच्या (आजचं हो चि मिन्ह सिटी) चौकात गेले आणि तेव्हाचं दक्षिण व्हिएतनामचं दिएम सरकार बौद्धांवर करत असलेल्या अन्यायाविरुद्ध त्यांनी ध्यानाला बसून स्वतःला पेटवून घेतलं. तो फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला असतो, त्या फोटोत मागे ही गाडी आहे. तिच्यासमोर सेल्फी काढणारे बघून मला फार वाईट वाटलं, प्लीज काढू नका. ह्वेलाच तू हिएउ म्हणून पाइनच्या झाडीत लपलेला पॅगोडा आहे, जगभर प्रसिद्ध झालेले झेन भिक्षू थिच न्यात हान्ह वयाच्या सोळाव्या वर्षी इथेच दाखल झाले, २०१८ मध्ये परत आले आणि जानेवारी २०२२ मध्ये इथेच वारले. भिक्षूंचं राहतं ठिकाण आहे, फोन सायलेंट करा आणि हळू बोला.

होई आनला राहून 'मी सन' नावाचं जुन्या देवळांचं ठिकाण करा, ४० एक किलोमीटर. मध्य व्हिएतनाममधल्या जुन्या चंपा राज्याच्या राजांनी बांधलेली शंकराची देवळं, चौथ्या ते तेराव्या शतकातली, विटा अशा बसवल्यात की सांध्यात चुना शोधून सापडत नाही. १९६९ च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात सगळ्यात देखणं देऊळ गेलं, बॉम्बचे खड्डे अजून दिसतात. देवळांच्या काही गटांची डागडुजी आपल्या पुरातत्त्व खात्याने केली आणि ते काम चालू असताना २०२० मध्ये नवव्या शतकातलं वालुकाश्माचं अखंड शिवलिंग सापडलं. आत पूजा होत नाही, लिंगावर पाणी-फुलं वाहायचा मोह आवरा. परदेशींना तिकीट दीड लाख डोंग होतं, म्हणजे ५०० रुपयांच्या आसपास, त्यात आतली इलेक्ट्रिक गाडी आली. सकाळी सहाला उघडतं, त्याच वेळी पोचा, नऊनंतर ऊन आणि बसेस दोन्ही सुरू.

निन्ह बिन्हचा बाय दिन्ह पॅगोडा अवाढव्य आणि नवा आहे, वेळ कमी असेल तर सोडा. दा नांगची ६७ मीटरची क्वान आम (करुणेची बोधिसत्त्व) मूर्ती विमानतळावर जाता-जाता होते. सायगॉनमध्ये १९०९ चा जेड एम्परर पॅगोडा बघा, आणि बेन थान्ह मार्केटजवळचं मरिअम्मन देवीचं देऊळ, तमिळ लोकांनी बांधलेलं पण आज दर्शनाला बहुतेक व्हिएतनामी माणसंच असतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ह्वे आणि होई आनला धो धो पाऊस, पूरही येतो, ते महिने टाळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हनोईत दिवसभर भुरभुर असते, पातळ जॅकेट आणि पटकन काढता-घालता येतील अशा चपला न्या, बुटांच्या नाड्या सोडण्यात फार वेळ जातो.