खुर्च्या मांडणाऱ्या मावशी

दुपारी खण आवरताना मावशींची रंगपेटी हाती लागली. पत्र्याची, तळहाताएवढी, झाकणाला पोचे पडलेली. आतल्या वड्या वाळून पार भेगाळल्या होत्या. सहज ओलं बोट निळ्यावरून फिरवलं, तर बोट निळं! जलरंगाचं हे बरं असतं. डिंकात कालवलेला रंग. कितीही वर्षं वाळला तरी पाणी लागलं की सुटतो. तैलरंग एकदा हवा लागून आळला की संपलं. शिवाय तो ओला असताना बॅगेत भरता येत नाही, आणि मावशींचा मुक्काम सहसा दुसऱ्या दिवशी हलायचा.

त्या आमच्या नात्यात कुठेच बसत नव्हत्या. तरी मावशीच.

गेल्या तेव्हा छापून आलं, ‘अनेक देश फिरलेल्या चित्रकार आणि सामाजिक कार्यकर्त्या’. अशा ओळी वाचल्या की माझं डोकं फिरतं. जणू एका घरात दोन बायका राहत होत्या, आणि एकीचं दुसरीशी बोलणं नव्हतं.

लहानपणी मी त्यांच्याबरोबर सभागृहात जायचो. रक्तदान शिबिर असो की मुलांचा चित्रवर्ग, मावशी तासभर आधी हजर. खुर्च्या खडखडत उघडायच्या, रांगा लावायच्या, मग शेवटच्या रांगेत जाऊन बसून बघायच्या: इथून दिसतं का? ऐकू येतं का? मी विचारायचो, व्हेनिस कसं आहे? त्या सांगायच्या, तिथे एका पुलाच्या पायरीवर सावली असते, पण लोक उठवतात. इस्तंबूल? तिथे मशिदीच्या अंगणात कितीही वेळ बसा, कुणी काही म्हणत नाही. जगाचा नकाशा त्यांनी मला असा शिकवला. भूगोलाच्या पेपरात त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

मारियान नॉर्थ त्यांची लाडकी. तैलरंग वापरायची, एवढं एक सोडून. १८७१ पासून ही बाई झाडाफुलांची चित्रं काढत जगभर एकटी हिंडली, भारतातही येऊन गेली. मग स्वतःच्या पैशाने लंडनच्या क्यू उद्यानात दालन बांधून आठशेवर चित्रं तिथे देऊन टाकली. १८८२ साली ते उघडलं. बघायला येणाऱ्या दमल्याभागल्यांना चहा-कॉफी मिळावी, अशी तिची इच्छा होती. उद्यानाच्या संचालकांनी ती मान्य केली नाही. तेव्हा तिने दारांवर चहाची आणि कॉफीची झाडं रंगवून ठेवली. हे सांगताना मावशी दरवेळी तितक्याच खूश व्हायच्या. आठशे चित्रांबद्दल मात्र फारसं बोलायच्या नाहीत.

त्यांची स्वतःची चित्रं कुठे आहेत, हा प्रश्नच आहे. इंग्रज चित्रकार टर्नरच्या मागे तीनेकशे रेखाटनवह्या उरल्या, सरकारने जपल्या. मावशींच्या वह्यांना नुसते पुठ्ठे उरलेत. ज्याचं चित्र काढलं त्याला पान फाडून द्यायचं, हा त्यांचा नियम. कुठल्या कुठल्या देशातल्या झाडूवाल्या, हमाल, बसची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या यांच्या घरी ती पानं असतील. किंवा नसतील.

शोकसभेत भाषणं चांगली झाली. देश किती फिरल्या यावर दोन वक्त्यांचं जमलं नाही. गर्दी अपेक्षेपेक्षा बरीच झाली आणि निम्मे लोक भिंतीला टेकून उभे राहिले. जास्तीच्या खुर्च्या आतल्या खोलीत होत्या, पण किल्ली कुठे ठेवतात ते कुणालाच सांगता येईना. शेवटी अध्यक्षांनी आटोपतं घेतलं.

पुढच्या महिन्यात शिबिर आहे. तासभर आधी कोण जाणार, हे अजून ठरलेलं नाही. माझं नाव सुचवलंय म्हणे. बघू. मला सकाळी लवकर उठणं जमत नाही.