हेस्टरला सोडलं ती चूकच होती, दादा

परवा रविवारी दादाकडे जेवायला गेलो होतो, जेवण झाल्यावर सगळे हॉलमध्ये लोळत होते आणि दादाने परत तोच विषय काढला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, नव्वदच्या दशकापासून शिकागोजवळ शॉमबर्गला राहतो, तिथल्या बेअर्स या अमेरिकन फुटबॉल टीमची एक मॅच चुकवत नाही. मार्च २०१४ मध्ये शिकागो बेअर्सनी त्यांच्या डेव्हिन हेस्टर या खेळाडूला जाऊ दिलं ते बरोबर केलं असं त्याचं तेव्हापासूनचं म्हणणं आहे आणि माझं म्हणणं की चूक केली, साफ चूक. फोनवर भांडून झालं, गाडीत झालं, एकदा तर भाच्याच्या मुंजीत पंगतीला बसून झालं. आज सगळं लिहूनच काढतो.

अमेरिकन फुटबॉल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. समोरची टीम बॉल लाथेने लांब तुमच्याकडे मारते (पॉइंट झाल्यावर किंवा हाफच्या सुरुवातीला मारला तर किकऑफ, खेळ पुढे सरकेना म्हणून मारला तर पंट), तुमचा एक माणूस तो झेलतो आणि बॉल घेऊन उलटा त्यांच्यावर पळत सुटतो, आणि अकराच्या अकरा जण त्याला पाडायला अंगावर येतात. हा माणूस म्हणजे रिटर्नर. मी लहानपणी सांगलीला कबड्डी बघत मोठा झालो, त्यामुळे मला हा प्रकार पहिल्याच दिवशी कळला, बाकीचा खेळ कळायला दोन वर्षं गेली. चढाईला गेलेला गडी सात जणांत एकटा असतो ना, एकीकडे हूल देऊन दुसरीकडून निसटतो, अगदी तेच. फक्त इथे मध्यरेषा शंभर यार्डांवर.

मी एमएस करायला शिकागोत आलो ऑगस्ट २००६ ला आणि हेस्टरचा पण तो पहिलाच सीझन. त्याच ऑक्टोबरमध्ये ॲरिझोनाविरुद्ध मंडे नाइटची मॅच होती, बेअर्स हाफटाइमला ०-२० मागे, त्यांच्या ऑफेन्सने अख्ख्या मॅचमध्ये एकही टचडाउन (बॉल समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) केला नाही आणि तरी बेअर्स २४-२३ जिंकले, कारण डिफेन्सने दोनदा बॉल हिसकावून टचडाउन केले आणि शेवटी हेस्टरने ८३ यार्डांवरून पंट थेट टचडाउनला नेला. माझा रूममेट सोफ्यावर उभा राहून ओरडत होता. मग ४ फेब्रुवारी २००७, मायामीत धो धो पाऊस आणि सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या फायनलचा, पहिलाच किकऑफ, समोर कोल्ट्स. हेस्टरने झेलला आणि ९२ यार्ड, टचडाउन! मॅच सुरू होऊन फक्त १४ सेकंद. सुपर बोलचा पहिलाच किकऑफ असा थेट टचडाउनला नेणारा तो पहिला माणूस. आम्ही खिचडीचा कुकर लावून बसलो होतो, पहिली शिट्टी पण झाली नव्हती. पुढे कोल्ट्सनी ती मॅच २९-१७ जिंकली, पण त्यानंतर त्यांनी हेस्टरकडे नीट बॉल जाऊच दिला नाही, खाली सरपटी मारत राहिले. हे लक्षात ठेवा, माझा सगळा मुद्दा इथेच आहे.

आता दादाची बाजू, आणि ती फालतू नाही हे मी पण मानतो. तो म्हणतो २०११ ला लीगने किकऑफ ३० यार्डांवरून ३५ वर नेला, मग किकर सरळ एंड झोनमध्ये (रिटर्नरच्या मागच्या टोकाच्या पट्ट्यात) बॉल टाकायला लागले, रिटर्नच कमी झाले, म्हणजे त्या कामाची किंमतच कमी झाली. हेस्टर ३१ वर्षांचा झाला होता. २०१२ मध्ये त्याचा रिटर्नवर एकही टचडाउन नाही. त्याला घडवणारे स्पेशल टीम्सचे (किक, पंट आणि रिटर्न सांभाळणाऱ्या तुकडीचे) कोच डेव्ह टोब २०१३ ला कॅन्सस सिटीला गेले, हेड कोच लव्ही स्मिथना आधीच काढलेलं. आणि २०१३ मध्ये नव्या कोचने, मार्क ट्रेस्टमनने, त्याला रिसीव्हर (ऑफेन्समध्ये पास झेलणारा) म्हणून खेळवणं बंद करून फक्त रिटर्नला ठेवलं, मग दादा विचारतो, ५३ जणांच्या टीममध्ये मॅचला चार-पाच वेळा बॉल हातात घेणाऱ्यासाठी जागा अडवायची आणि वर पैसे पण मोजायचे का? तसं बघायला गेलं तर बेअर्सनी त्याला रीतसर काढला पण नाही, करार संपला होता, त्यांनी फक्त सांगितलं की आम्ही परत घेणार नाही.

दादा, तू मोजतोयस ते टचडाउन. रिटर्नरची किंमत टचडाउनमध्ये नसते रे. समोरचा जे करायला घाबरतो त्याच्यात असते. जाँटी ऱ्होड्स पॉइंटला उभा असला की बॅट्समन तिकडे मारून पळायचेच नाहीत, ती न काढलेली रन कुठल्या स्कोअरकार्डवर दिसते? हेस्टर मागे उभा आहे म्हणून पंटर बॉल बाजूला मारायचे, आखूड मारायचे, आणि किकऑफ मैदानाबाहेर गेला तर नियमाने बॉल थेट ४० यार्ड लाइनवर मिळतो. म्हणजे हेस्टरने बॉलला हात न लावता टीम पुढे. त्याच्या नावावर शून्य.

आणि मी हे डोळ्यांनी बघितलंय. २५ सप्टेंबर २०११, सोल्जर फील्ड, पॅकर्सविरुद्ध, मी अगदी वरच्या रांगेत बसलेलो. पॅकर्सनी पंट मारला, हेस्टर एका बाजूला धावत गेला आणि वर बघत हात पुढे करून उभा राहिला, आता बॉल येतोच आहे असा, त्याला वाट करून देणारे ब्लॉकर पण तिकडेच आणि पॅकर्सची अख्खी फौज त्याच्यावर. बॉल दुसऱ्याच टोकाला पडला होता. तिथे जॉनी नॉक्सने तो झेलला, त्याच्या आसपास चिटपाखरू नाही, ८९ यार्ड आरामात पळाला. होल्डिंगचा (समोरच्याला धरून ठेवल्याचा) फाउल दिला आणि तो टचडाउन रद्द झाला, बेअर्स मॅच पण हरले, त्यामुळे त्या खेळीचा आता कुठेच हिशोब नाही. पण मी स्वतः स्टेडियममध्ये बसून हेस्टरकडेच बघत होतो, माझ्या आजूबाजूचे सगळे हेस्टरकडेच बघत होते. एक माणूस नुसता उभा राहून अकरा जणांना खेचतो, त्याला तू जागा अडवणारा म्हणतोस?

बरं, वय झालं म्हणतोस तर शेवटचा सीझन बघ. सप्टेंबर २०१३, मिनेसोटाविरुद्ध एका मॅचमध्ये किकऑफ रिटर्नचे २४९ यार्ड, बेअर्सच्या इतिहासात इतके कोणाचेच नव्हते, आणि मॅच जिंकली ३१-३०, एका पॉइंटने! ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध ८१ यार्डांचा पंट रिटर्न टचडाउन, सगळे रिटर्न मिळून त्याचा १९ वा, जुना स्टार डीऑन सँडर्सच्या रेकॉर्डची बरोबरी. संपलेला माणूस असा खेळत नाही.

माझ्या मते खरी चूक सुरू झाली ती २००८ मध्ये. पहिल्या दोन सीझनमध्ये रिटर्नवर १२ टचडाउन केलेल्या माणसाला त्यांनी पूर्णवेळ रिसीव्हर करायचा घाट घातला, ५१ कॅच, ५७ कॅच असे बरे आकडे आले पण २००८ आणि २००९ मिळून रिटर्नचा टचडाउन शून्य. २०१० मध्ये परत जोर दिला तर लगेच तीन. म्हणजे त्याचं नक्की करायचं काय हे टीमला कधी ठरवताच आलं नाही, आणि मग २०१४ ला हिशोब मात्र त्याच्या नावावर मांडला.

अटलांटा फाल्कन्सनी त्याला घेतलं. १८ सप्टेंबर २०१४, टॅम्पा बेविरुद्ध, आणि समोर टॅम्पाचे कोच कोण तर लव्ही स्मिथ, ज्यांनी त्याला शिकागोत आणला होता. ६२ यार्डांचा पंट रिटर्न, विसावा टचडाउन, रेकॉर्ड मोडलं, आणि शेवटच्या यार्डांत त्याने सँडर्सच्याच स्टाइलने गुडघे उंच टाकत पळून त्याला मान दिला. त्या रात्री मला आनंद झाला आणि घशात पण काहीतरी अडकलं, कारण ती जर्सी चुकीची होती. त्याच सीझनमध्ये फाल्कन्सनी त्याला रिसीव्हर म्हणून पण वापरलं आणि त्याने पाचशेच्या वर यार्ड केले, वर प्रो बोल, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या मॅचसाठी निवड. इकडे बेअर्स ५-११, लागोपाठच्या दोन मॅचमध्ये पेट्रियट्सकडून ५१ आणि पॅकर्सकडून ५५ पॉइंट खाल्ले, सीझन संपल्यावर कोच आणि जीएम (टीम निवडणारा जनरल मॅनेजर) दोघेही घरी. हेस्टर असता तरी तो डिफेन्स वाचला नसता, हे दादाचं मी मान्य करतो. एकटा रिटर्नर ५५ पॉइंट भरून काढत नाही.

३ ऑगस्ट २०२४ ला हेस्टर कँटनला फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, मुख्यतः रिटर्नर म्हणून तिथे पोचलेला पहिलाच खेळाडू. त्याच दिवशी डिफेन्सवाल्या ज्युलियस पेपर्सचाही सन्मान झाला, आणि पेपर्सलासुद्धा बेअर्सनी त्याच मार्च २०१४ मध्ये काढलं होतं. दादाने तो सोहळा माझ्याशेजारी बसून बघितला. डोळे पुसत होता. मत बदललं का विचारलं तर म्हणाला, "नाही."

पण परवा मी त्याला कॉर्डॅरेल पॅटरसन या दुसऱ्या रिटर्नरचं विचारलं. बेअर्सकडे दोन सीझन होता, २०१९ आणि २०२०, दोन्ही वर्षं ऑल-प्रो (त्या वर्षीच्या लीगमधल्या सर्वोत्तमांत निवडलेला) रिटर्नर, २०२१ ला त्याला पण जाऊ दिलं आणि तो पण अटलांटालाच गेला. तिथे पहिल्याच सीझनला ११ टचडाउन. मग २० नोव्हेंबर २०२२, त्याने १०३ यार्डांचा किकऑफ रिटर्न टचडाउन केला, करिअरचा नववा, लीगचं रेकॉर्ड, आणि तो केला बेअर्सविरुद्ध. अटलांटा २७-२४ जिंकली. तीन पॉइंटने.

दादा बराच वेळ गप्प बसला. मग वहिनीला म्हणाला, "चहा टाक गं, हा आज लवकर जात नाही."